अमानत देहाची

इस्लामी धर्मविचारात देह ही माणसाच्या मालकीची वस्तू नाही, अल्लाहने त्याच्या हवाली केलेली अमानत आहे. म्हणून आत्महत्या निषिद्ध आणि मृतदेहाची विटंबनाही निषिद्ध. मेलेल्या माणसाच्या हाडालाही इजा करू नये, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. मय्यतीला हळुवार हाताने घातलेले गुस्ल, पांढरे कफन, जनाज्याची नमाज आणि होईल तितक्या लवकर दफन, या साऱ्या विधींमागे हाच आदर आहे. दुसरीकडे, एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, अशी कुराणाची शिकवण आहे. अवयवदानाच्या प्रश्नात या दोन्ही आज्ञा एकदमच समोर येतात.

प्रत्यारोपण ही विसाव्या शतकातली विद्या. तिच्याविषयी जुन्या ग्रंथांत थेट हुकूम सापडणे शक्य नव्हते. पण जवळपासचे प्रश्न फकिहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी, शतकांपूर्वीच हाताळले होते. गरोदर स्त्री दगावली आणि पोटातले मूल हलत असेल, तर पोट चिरावे का? हनफी आणि शाफई पंथांनी होकार दिला. मालिकी आणि हंबली पंथांत त्याला विरोध करणारे मत प्रबळ राहिले. भुकेने प्राण जाऊ लागले तर मृत माणसाचे मांस खाऊन जगावे का, यावरही वाद झाले आणि शाफई पंथाने मुभा दिली. लढाईत नाक गमावलेल्या अरफजाला पैगंबरांनी सोन्याचे नाक बसवायला सांगितल्याची हदीसही दाखल्यासाठी हाताशी होती. या चर्चांतून मुरलेले दोन नियम पुढे कामी आले. निकड असेल तर निषिद्ध गोष्टीलाही मुभा मिळते, हा एक. आणि एकाचे नुकसान टाळण्यासाठी दुसऱ्याचे तेवढेच नुकसान करता येत नाही, हा दुसरा.

या पायावर सौदी अरेबियाच्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने 1982 मध्ये जिवंत आणि मृत अशा दोन्ही दात्यांकडून अवयव घेण्यास मान्यता दिली. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या फिकह अकादमीने 1988 मध्ये जेद्दा येथे तपशीलवार अटी घातल्या. जिवंत दात्याच्या जिवाला धोका नसावा. ज्यावर जीव अवलंबून आहे ते हृदय त्याच्याकडून घेता येणार नाही. मृताने हयातीत संमती दिलेली असावी, नाहीतर वारसांनी ती द्यावी. विक्री मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही. 1990 मध्ये याच अकादमीने वृषण आणि बीजांडकोश यांचे प्रत्यारोपण अमान्य केले. त्यांच्यातून दात्याचे आनुवंशिक गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि वंशाची शुद्धता जपणे हे शरियतचे एक उद्दिष्ट आहे.

भारतीय उपखंडात विरोधाची धार अधिक राहिली. देवबंद परंपरेतले मुफ्ती मुहम्मद शफी यांनी प्रत्यारोपण नाजायज ठरवले. जे आपले नाही ते दान करता येत नाही, हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद. इजिप्तमध्ये शेख शारावी यांची भूमिकाही अशीच होती, तर त्याच देशात शेख तंतावी यांनी अवयवदानाचा पुरस्कार केला. भारताच्या इस्लामिक फिकह अकादमीने 1989 मध्ये मधला मार्ग काढला: रुग्णाचा जीव वाचत असेल तर जिवंतपणी मूत्रपिंड देता येईल, पण मरणोत्तर दानाच्या वसीयतीला शरियतचा आधार नाही.

सर्वांत अवघड पेच मृत्यूच्या क्षणाचा आहे. मेंदू कायमचा निकामी झालेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असतो. छाती वरखाली होते, अंग ऊबदार लागते, मॉनिटरवर हृदयाची लय दिसत राहते. हृदय आणि फुप्फुसे मुख्यतः अशाच दात्यांकडून मिळतात. इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या अकादमीने 1986 मध्ये अम्मान येथे मेंदूमृत्यूला मृत्यू मानले. मक्केतल्या फिकह परिषदेने मात्र 1987 मध्ये यंत्र काढण्यास परवानगी देऊनही, हृदय थांबेपर्यंत मृत्यू झाला असे धरले नाही. भारतात 1994 च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली आणि तो सुरुवातीलाच लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. त्यामुळे इथल्या मुस्लिम कुटुंबापुढे कायद्याने मृत ठरलेली व्यक्ती धर्मदृष्ट्या कधी मृत मानायची, हा सवाल अतिदक्षता विभागाच्या दारातच उभा राहतो.

मोबदल्याबाबतही व्यवहार एकसारखा नाही. शिया परंपरेच्या इराणमध्ये जिवंत दात्याला मूत्रपिंडाबद्दल नियमबद्ध मोबदला मिळतो आणि 2000 च्या कायद्याने मेंदूमृत दात्यांचाही मार्ग खुला झाला. पाकिस्तानात मूत्रपिंडांचा बाजार फोफावल्यावर 2007 मध्ये अध्यादेश आणि 2010 मध्ये कायदा करून खरेदी-विक्रीला बंदी घालावी लागली. त्याच देशात निखळ दानाचेही उदाहरण आहे: 2016 मध्ये निधन झालेले समाजसेवक अब्दुल सत्तार ईधी यांनी मृत्यूनंतर अवयवदानाची इच्छा ठेवली होती. आजारपणामुळे फक्त डोळेच उपयोगी पडले. नेत्र काढल्यानंतर त्यांच्या जनाज्याची नमाज आणि दफन रीतसर झाले.

अनुकूल मत देणारेही अवयवदानाला सहसा फर्ज, म्हणजे बंधनकारक कर्तव्य, म्हणत नाहीत. ते त्याला जायज (संमत) आणि सवाबाचे (पुण्याचे) काम मानतात. फतवा दार उघडतो, आत जायचे की नाही हे दात्याने ठरवायचे असते. म्हणून आपली इच्छा हयातीतच घरच्यांना सांगून ठेवणे आणि ज्यांच्यावर विश्वास आहे त्या आलिमांना आधीच विचारणे, हा दोन्ही बाजूंना मान्य होईल असा शहाणपणा आहे.