आखलेले गाव

दररोज सकाळी वर्तमानपत्र हाती घेणारा मनुष्य अक्षरे वाचतो. कागद कोणी वाचीत नाही. आमची हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली, तरी आम्हांसही कागद म्हणजे पंगतीतले पान वाटे. वाढलेल्या अन्नाची चर्चा करावी. पान कोणत्या झाडाचे हे कोण पुसतो? तथापि आमच्या छापखान्याच्या दारात ज्या अजस्र गुंडाळ्या उतरत, त्यांपैकी पुष्कळ कॅनडातून आलेल्या असत, आणि त्या देशाचे नाव आम्ही भूगोलाच्या पुस्तकापेक्षा वेष्टनावरच अधिक वेळा वाचले. म्हणून काही वर्षांपूर्वी भाचीच्या आग्रहावरून टोरांटोस जाण्याचा योग आला, तेव्हा नायगारा एका दुपारी उरकून आम्ही भाचेजावयांस गळ घातली की, आता आम्हांस एखादे कागदाचे गाव दाखवा.

ते गाव म्हणजे ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागातील कपुस्केसिंग. टोरांटोहून आठशेंवर किलोमीटर मोटार हाकावी तेव्हा ते येते. अर्ध्या वाटेनंतर शेते संपतात आणि दोन्ही अंगांस स्प्रूसचे अरण्य सुरू होते. झाडे आमच्या देवदारासारखी भव्य नव्हेत; सडसडीत, काळसर आणि दलदलीत पाय रोवून उभी. हिवाळ्यात येथे पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंतही उतरतो, आणि उन्हाळ्यात काळ्या माश्या मनुष्यास फोडून काढतात. गावाचे नाव तेथील मूळच्या क्री लोकांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ ‘नदीचे वळण’ असा सांगतात. लोकवस्ती सुमारे आठ हजार. त्यांतील बहुसंख्यांची मातृभाषा फ्रेंच. त्यामुळे दुकानात आमच्या इंग्रजीस लोक आमच्याइतक्याच सावधपणे उत्तर देत, आणि परकेपणा वाटणीत निम्मा होई.

गावात शिरताच ध्यानात आले ते त्याचे रेखीवपण. मध्ये एक वर्तुळाकार चौक आहे आणि चाकाच्या आऱ्या फुटाव्यात तसे त्यातून रस्ते निघतात. आमची गावे पिंपळासारखी वाढतात, जिकडे ओल तिकडे मूळ. हे गाव मात्र आधी कागदावर जन्मले आणि मग जमिनीवर उतरले. १९२१ साली ते नगर म्हणून स्थापन झाले. केवळ कंपनीच्या मालकीच्या गावात मजुराचे घर, दुकान आणि मत ही तिन्ही कंपनीच्या मुठीत जातात, हे ठाऊक असल्यामुळे तत्कालीन प्रांतिक सरकारने त्याची आखणी स्वतः हाती घेतली आणि रहिवाशांस घरे मालकीची करता येतील असे पाहिले. ‘उत्तरेचे आदर्श नगर’ असे बिरुदही त्यास मिळाले. ते चौकातील बाकावर बसून ऐकताना आम्हांस कौतुक वाटले, हे लपवीत नाही.

परंतु गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेस एक लहानशी स्मशानभूमी आहे. तेथे जाऊन आल्यावर कौतुकाचा रंग बदलला. पहिले महायुद्ध पेटताच कॅनडा सरकारने ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून आलेल्या हजारो लोकांस ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’ ठरवून स्थानबद्ध केले. त्यांतले बहुतेक युक्रेनियन मजूर होते. शत्रुत्व तर दूरच, कित्येक त्या साम्राज्यास कंटाळूनच देश सोडून आले होते. १९१४ ते १९२० पर्यंत त्यांची एक मोठी छावणी येथे होती. नुकत्याच झालेल्या आगगाडीच्या रस्त्याखेरीज बाहेर जाण्यास वाट नाही आणि चहूकडे अरण्य, म्हणून जागा तुरुंगास सोयीची. या लोकांनी थंडीत जंगल तोडून शेकडो एकर जमीन मोकळी केली. पुढे युद्धावरून परतलेल्या सैनिकांस येथे शेतकरी म्हणून वसविण्यात आले. पण चिकणमातीने आणि अवेळी पडणाऱ्या हिमाने त्यांचा धीर खचविला. १९२० मध्ये चौकशी झाली आणि बहुतेक कुटुंबे निघून गेली. म्हणजे वर्तुळ व आऱ्या ज्या पाटीवर काढल्या, ती पाटी पुसून कोरी करणारे हात निराळे होते. नकाशात त्यांचे नाव नाही.

जे शेतीस साधले नाही ते कागदाने साधले. थंड प्रदेशातील स्प्रूस सावकाश वाढतो. त्याचा तंतू लांब व चिवट असतो. ओंडके सोलून, फिरत्या दगडांवर पाण्याच्या धारेखाली घासून त्यांचा लगदा करतात, आणि बळकटीसाठी त्यात रसायनात शिजविलेला लगदा मिसळतात. १९२६ साली किंबर्ली-क्लार्क ही कागद कंपनी आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ हे वृत्तपत्र यांनी भागीदारीत ‘स्प्रूस फॉल्स’ कंपनी उभी केली. गिरणीस विजेची तहान फार. म्हणून सुमारे ऐंशी किलोमीटर उत्तरेस मॅटागामी नदीवर स्मोकी फॉल्स येथे धरण बांधले, आणि १९२८ पासून येथला कागद न्यूयॉर्कच्या यंत्रांवर धावू लागला. जगाच्या बातम्या ज्यावर छापल्या जात, त्या कागदाच्या गावाची बातमी मात्र क्वचितच छापली जाई.

ती छापली गेली १९६३ च्या फेब्रुवारीत. जंगलात लाकूड तोडणाऱ्या कामगारांच्या संघाने संप पुकारला होता. परंतु आसपासचे छोटे शेतकरी, ज्यांचे हिवाळ्याचे पोट आपल्या रानातील लाकूड विकण्यावरच चाले, ते गिरणीस माल देत राहिले. दहा तारखेच्या मध्यरात्री सुमारे चारशे संपवाले रीसर सायडिंग या ठिकाणी रचलेले लाकूड विसकटण्यास गेले. राखण करणाऱ्या वीसएक शेतकऱ्यांनी बंदुका झाडल्या. संपवाल्यांपैकी तिघे ठार व आठ घायाळ झाले. खुनाचा गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही. संपवाल्यांस दंगलीबद्दल आणि काही शेतकऱ्यांस हत्यारांबद्दल दंड झाले. दोन्ही बाजूंस बहुतांशी एकच फ्रेंच भाषा, एकच धर्म, एकच दारिद्र्य! तेथील स्मारकापुढे उभे राहून कोण चुकला हे ठरविण्याचा आम्ही प्रयत्न केला, आणि सोडून दिला. ज्या प्रांतात एकच गिरणी असते तेथे दोन गरिबांचे घास एकाच ताटात पडतात. हात एकमेकांस लागावयाचेच.

याच गावाने पुढे जे केले ते मात्र आम्हांस विशेष मोलाचे वाटते. १९९१ साली मालकांस वृत्तपत्री कागदाचा धंदा परवडेना. सुमारे बाराशे नोकऱ्या जाण्याचा प्रसंग आला. तेव्हा कामगारांनी व नागरिकांनी पदरची पुंजी घातली, वेतनात कपात पत्करली, आणि प्रांतिक सरकारच्या मध्यस्थीने गिरणीच विकत घेतली. धरण सरकारी वीजमंडळाकडे गेले, टेंबेक कंपनी भागीदार झाली, आणि अर्ध्याहून अधिक भाग गावकऱ्यांच्या हाती राहिले. १९९७ मध्ये त्यांनी ते टेंबेकला विकले. नंतर २०१७ आणि २०२१ साली मालक पुन्हा बदलले, वर्तमानपत्रांची मागणी जगभर आटत गेली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात गिरणी थांबविण्याची घोषणा होऊन मागाहून सरकारी मदत जाहीर झाली.

तर मग १९९१ चा तो पराक्रम फुकट गेला काय? आमच्या एका व्यवहारी स्नेह्यांनी हाच प्रश्न केला. आम्हांस तसे वाटत नाही. एका पिढीची मुले त्या वर्षांत तेथेच वाढली, शिकली. घरांस कुलपे लागली नाहीत. आणि दुसरे असे की, गाव आखता येते, बांधता येते, त्यास बिरुद देता येते. पण सरकारास किंवा कंपनीस गावपण देता येत नाही. ते ज्याने त्याने मोल देऊन घ्यावयाचे असते. स्थानबद्धांनी सक्तीच्या श्रमांचे मोल दिले, त्या तिघांनी प्राणांचे, आणि १९९१ च्या गावकऱ्यांनी पुंजीचे. यांपैकी शेवटचे तेवढे राजीखुशीने दिलेले, म्हणूनच पहिल्या दोहोंचीही थोडीशी फेड त्यात झाली असावी. गिरण्या उद्या चालोत वा न चालोत. ‘हे गाव आमचे’ असे म्हणण्याचा हक्क त्या आठ हजारांनी एकदा पैसे मोजून घेतला आहे. त्याची पावती कोणत्याही मालकास परत मागता येणार नाही.