अण्णांच्या डोळ्यांच्या गोळ्या

गेलो होतो अण्णांच्या मोतीबिंदूसाठी. थेंब घालून, बाहुली मोठी करून डॉक्टरांनी आत पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदूला घाई नाही, पडद्याकडे बघायला हवं." मॅक्युलर डिजनरेशन, कोरडा प्रकार, मधली पायरी. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नव्हतं, नुसतं 'एरेड्स-२' होतं.

"बिडी-सिगारेट?"

"केव्हाच सोडली," अण्णा म्हणाले.

"सोडली असली तरी बीटा कॅरोटीन नको."

एरेड्स हा अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचा अभ्यास. २००१ सालच्या पहिल्या सूत्रात बीटा कॅरोटीन होतं. त्याने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्या जागी ल्युटीन १० आणि झियाझँथिन २ मिलीग्रॅम आलं.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी पुरती न वाचताच एक डबी पुढे सरकवली. वर टपोरा डोळा आणि गाजर. "हीच नेतात सगळे." मागची अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलने फोटो काढून मोठी केली, तर चौथ्या ओळीत बीटा कॅरोटीन! (डोळे अधू झालेल्यांसाठीच्या डबीवर इतकी बारीक अक्षरं छापणाऱ्याची कमाल आहे.) दुसऱ्या डबीत ल्युटीन बरोबर, पण झिंक नावापुरतं. सूत्रात ते ८० मिलीग्रॅम लागतं, शिवाय २ मिलीग्रॅम तांबं, कारण इतक्या झिंकने शरीरातलं तांबं घटतं. व्हिटॅमिन सी ५०० मिलीग्रॅम, ई ४०० युनिट. सगळं जुळणारी डबी शेवटी मागवून घ्यावी लागली.

जेवणानंतर घेतली नाही, तर गोळीने अण्णांना मळमळतं. त्यांची खरी तक्रार मात्र वेगळी आहे: एवढे पैसे ओतून नजर सुधारत का नाही? गेलेली नजर गोळी परत आणत नाही. मधल्या पायरीवरून आजार शेवटच्या पायरीवर जाण्याचा धोका साधारण २५ टक्क्यांनी कमी होतो, इतकंच. ते कळायला अण्णांकडे पुरावा नाही. म्हणून फ्रिजवर चौकटींचा कागद लावलाय; एकेक डोळा झाकून ते बघतात. रेघ वाकडी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

भावजींनाही ही गोळी हवी होती, दिवसभर स्क्रीनसमोर असतात म्हणून. धडधाकट डोळ्यांना तिचा फायदा दिसलेला नाही, मोतीबिंदूलाही नाही, असं सांगून मी पालक आणि अंड्याचा बलक सुचवला. त्यांनी ऑनलाइन गमीज मागवल्या. स्ट्रॉबेरी स्वादाच्या.