लाल शाई आणि लेयर

मंडळी, निवृत्त माणसाने एखादा छंद लावून घ्यावा असं सगळेच सांगतात. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी कुंड्यांत गुलाब लावतं. मी टॅबलेटवर चित्रं काढतो. जन्मभर मराठी शिकवलं, हातात खडू आणि लाल पेन. आता सत्तरी ओलांडल्यावर हातात स्टायलस आलाय. घरच्यांना याची गंमत वाटते, वाटू दे!

आमच्या धाराशिवात अशा हौशी लोकांचा एक छोटा गट आहे. दोन निवृत्त बँकवाले, एक शेतकरी, एक शिवणकाम करणाऱ्या ताई आणि कॉलेजातली तीन-चार पोरं. कुणी फोनवर बोटानेच आयबिस पेंटमध्ये काढतं, कुणी लॅपटॉपला पेन टॅबलेट जोडून क्रिता वापरतं. (क्रिता फुकट मिळतं बरं का, आणि चांगलं आहे.) महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी ओसरीवर बसून आम्ही एकमेकांची चित्रं बघतो. चहा होतो, चिवडा होतो.

आणि पूर्वी काय व्हायचं, तर "छान", "खूपच छान", "वा, अप्रतिम" असं म्हणून चित्र पुढे सरकायचं. दहा मिनिटांत बारा चित्रं! ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, पण पुढच्या महिन्यात त्याच माणसाचं चित्र तिथल्या तिथेच.

मला शाळेतल्या वह्या आठवतात. वहीवर नुसतं "छान" लिहिलं की मुलगा खूश होऊन पान उलटायचा. पण "तिसऱ्या परिच्छेदात पाऊस अचानक कुठून आला?" असा शेरा दिला की तो तिसरा परिच्छेद पुन्हा वाचायचा. शेरा मुलाला पुन्हा मजकुराकडे पाठवतो, हा त्याचा उपयोग. चित्राचंही तसंच असावं असं मला वाटतं.

एक उदाहरण सांगतो. आमच्या जिल्ह्याची शेळी प्रसिद्ध आहे, उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं तरी शेळी उस्मानाबादीच राहिली! रंगाने बहुतेक काळी. आमच्या एका बँकवाल्या मित्राने ती काढली. अंगाला निव्वळ काळा रंग भरला आणि सावलीसाठी वर एक लेयर घेऊन त्याला मल्टिप्लाय लावलं. सावली काही दिसेना. सगळे म्हणाले, "छान". मग कॉलेजातल्या एका मुलाने नीट समजावलं. मल्टिप्लाय खालचा रंग गडद करतं, पण खाली पूर्ण काळाच असेल तर आणखी गडद होणार कसा? मूळ रंग थोडा उजळ घ्या, गडद तपकिरी किंवा निळसर, म्हणजे सावलीला जागा उरेल. उन्हात काळ्या शेळीची पाठ बघा, ती चमकते, तिथे आभाळाचा निळा रंग उतरतो. त्यासाठी वेगळा लेयर घ्या आणि त्याला स्क्रीन लावा, त्याने खालचा रंग उजळतो.

दुसरा अभिप्राय तर भलतीकडून आला. त्या ओसरीच्या शेजारी शेळ्या पाळणारा एक जण आहे. तो सहज डोकावला आणि म्हणाला, "गुरुजी, शेळी झ्याक हाय, पर मागचा पाय कुत्र्याचा वाटतुया." सगळे हसलो. मग त्याने स्वतःची शेळी आणून उभी केली आणि पाय कुठे वळतो ते हात लावून दाखवलं. त्याला लेयर माहीत नाही, स्क्रीन माहीत नाही. पण शेळी माहीत आहे. तेव्हापासून आम्ही एक पाळतो. झाडाचं चित्र असेल तर शेतकऱ्याला दाखवायचं, साडीचं असेल तर शिवणकामवाल्या ताईंना. ताई लगेच सांगतात, पदर असा पडत नाही!

काही वेळा विचारायला कुणीच नसतं. तेव्हा यंत्रच मदत करतं. चित्र आडवं उलटवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. डावीकडचं उजवीकडे गेलं की सवयीमुळे न दिसलेला कल एकदम दिसतो. गटातल्या एका मुलीने नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल काढला होता. बोरी नदीवरचा तो आदिलशाही बंधारा आणि त्याच्या पोटात बांधलेला महाल. चित्र उलटवलं आणि सगळा बंधारा एका बाजूला कललेला दिसला. तिचं तिलाच हसू आलं. ही युक्ती काही आजची नव्हे. आपलं चित्र आरशात बघावं असं लिओनार्दो दा विंचीनेही लिहून ठेवलं आहे. दुसरी युक्ती म्हणजे चित्र क्षणभर कृष्णधवल करून बघणं. रंग काढून घेतले की उजेड आणि अंधार तेवढे उरतात. तेव्हाही आकार वेगळे ओळखू आले तर चित्राचा पाया बरा आहे असं समजावं.

आता मुद्द्याचं. माझ्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे साठच्या दशकात, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचं मोठं अप्रूप होतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. आमचे चित्रकलेचे गुरुजी फार जीव लावून शिकवायचे. मुलाचा तांब्या वाकडा झाला की शेजारी बसायचे, पेन्सिल घ्यायचे आणि त्याच कागदावर एका झटक्यात सरळ करून द्यायचे. तांब्या सुरेख व्हायचा. पण तो आता गुरुजींचा तांब्या असायचा. मुलाची मूळ रेष खोडरबराखाली गेलेली, आपण नक्की कुठे चुकलो ते त्याला दिसायचंच नाही. गुरुजींचा दोष नव्हे, कागदच एक होता!

लेयर आल्याने हे बदललं. फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. आता फोनवरच्या साध्या ॲपमध्येही असतात. चित्रावर पारदर्शक कागद ठेवावा तसा हा प्रकार. आम्ही काय करतो, तर ज्याचं चित्र असेल त्याच्या परवानगीने वर एक रिकामा लेयर घेतो, लाल रंग निवडतो आणि सुचवायचं ते त्यावर काढतो. खांदा इथे असावा, छपराची रेष इकडे जाते. मग तो लेयर बंद करायचा, चालू करायचा, पुन्हा बंद करायचा. आपली रेष आणि सुचवलेली रेष दोन्ही समोर. पटलं तर घ्यावं, नाही पटलं तर लेयर पुसून टाकावा. खालच्या चित्राला धक्का नाही. लाल शाई तीच, पण ही वही खराब करत नाही.

आयबिस पेंटमध्ये आणखी एक चांगली गोष्ट आहे. चित्र कसं काढत गेलो त्याचा व्हिडिओ आपोआप तयार होतो. गणिताच्या पेपरात आपण समासात कच्चं काम करायला सांगायचो ना, तसं. उत्तर चुकलं तरी कच्चं काम बघून कळतं की मुलाला रीत समजली आहे. या व्हिडिओत हात कुठे अडखळला, डोळा किती वेळा पुसून काढला, सगळं दिसतं. हल्ली चार शब्द लिहिले की यंत्र चित्र बनवून देतं. अशा चित्रावर शेरा द्यायचा तरी कुणाला? कच्चं कामच नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलं आहे. माझ्या पुतण्याची मुलगी चित्रं काढते, हे नातेवाईक मंडळींना ठाऊकच आहे. तिला फाइन आर्टला जायचंय. त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा असते, आणि तिथे हाताने, कागदावर काढावं लागतं. तिथे अनडू नाही! गेल्या दिवाळीत तिने तेरच्या त्रिविक्रम मंदिराचं चित्र सगळ्यांना पाठवलं. पस्तीस-चाळीस जणांनी "छान" म्हटलं, कुणी फुलं पाठवली. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, सगळे छान म्हणतात. मग मला ते खोटं का वाटतंय? तुम्ही तरी खरं सांगा."

आम्ही दोघं तासभर ते चित्र बघत बसलो. तिने भिंतीसाठी विटांचा तयार ब्रश वापरला होता. एकदा फिरवला की विटाच विटा, सगळ्या एका मापाच्या, दर चार बोटांवर तोच नमुना पुन्हा. डोळा देवळावर टिकण्याऐवजी त्या नमुन्यावर अडकत होता. शिवाय हे देऊळ म्हणजे मूळचं जुनं विटांचं बौद्ध चैत्यगृह. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. तिने फोटोवरून मागे कोपरा काढला होता. मी लाल लेयरवर ती गोलाई दाखवली. पुढच्या रविवारी पुतण्याने आम्हाला तेरला नेलं. तिने देवळाला दोन फेऱ्या मारल्या, झिजलेल्या विटांवरून हात फिरवला आणि तिथेच बसून कागदावर पेन्सिलीने भिंतीचा एक तुकडा काढला. घरी आल्यावर ब्रश बाजूला ठेवून तिने विटा हाताने काढल्या. सगळ्या नाही, उजेड पडतो तिथल्याच. बाकी नुसत्या सुचवल्या.

मी तिला आणखी एक सांगितलं होतं की समोरची सायकल काढून टाक, नजर तिकडे जाते. ती म्हणाली, "नाही आजोबा, सायकलीमुळे देऊळ केवढं आहे ते कळतं." मी अजूनही म्हणतो, सायकल नको. पण चित्र तिचं आहे. सायकल आहे तिथेच आहे, आणि माझा लाल लेयर तिने पुसून टाकला.

तर नातेवाईक मंडळींनो, एक विनंती. तिचं पुढचं चित्र आलं की "छान" जरूर म्हणा, पोरीला हुरूप लागतोच. पण सोबत एक ओळ लिहा. तुमची नजर आधी कुठे गेली? कुठे अडली? काय ओळखू आलं नाही? चित्रकलेतलं काही कळावं लागत नाही हो, शेळीवाल्याला तरी कुठे कळत होतं! आणि ज्या मावश्या, आत्या तेरच्या बाजूला राहतात त्यांनी तर नक्की सांगा. ते देऊळ तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात. परीक्षेला अजून काही महिने आहेत. तिथला परीक्षक कारण सांगत बसणार नाही, नुसते गुण देईल. कारण सांगायला आपण घरचेच.