खो, षटकार आणि ७४ डेसिबल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण नेहमीचंच : रिलीज, बगफिक्स, पुन्हा रिलीज. मधल्या काळात पंधरा दिवस धाराशिवला घरी जाऊन आलो. (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद. आमच्या पिढीच्या तोंडात अजून दोन्ही नावं असतात.) बाबांची एप्रिलमध्ये अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून जमेल तेव्हा लॅपटॉप उचलून घरून काम करतो. गॅलरीत ऊन, आईच्या हातची ज्वारीची भाकरी, ट्रॅफिक शून्य. पुण्यातल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

पहिल्या रात्री कळलं काय पाहिजे ते. शांतता!

आमच्या घरामागे साधारण दीडशे मीटरवर एक मैदान आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी मैदानं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. तिथे टेनिस बॉल क्रिकेटची रात्रीची स्पर्धा चालू होती. फ्लडलाईट, मांडव, कोणत्या तरी भाऊंच्या नावाचा चषक, आणि खांबावर बांधलेले चार भोंगे. प्रत्येक षटकाराला गाणं, प्रत्येक विकेटला सायरन, आणि मधल्या वेळात यमक जुळवून बोलणारा समालोचक. माणूस हुशार होता हो, खोटं कशाला बोलू. पण रात्री साडेअकराला?

त्याच वेळी माझा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल होता. मी म्यूट काढून तोंड उघडलं, तेवढ्यात मागे कुणीतरी षटकार मारला. क्लायंट अगदी सौजन्याने म्हणाला, "आज तुमच्याकडे काही सण आहे का?" मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने विचारणं सोडून दिलं.

माझं सोडा. रात्री एक वाजता पाणी प्यायला उठलो तर बाबा अंधारात पलंगावर बसलेले. डॉक्टरांनी झोप महत्त्वाची म्हणून सांगितलंय. "झोप लागत नाही का?" म्हटलं. "लागते की, पण ते सायरन वाजलं की छातीत धस्स होतं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

आता इंजिनियर माणसाला राग आला की तो काय करतो? डेटा गोळा करतो. मोबाईलवर एक ॲप घेतलं आणि गॅलरीत उभा राहिलो. ७४ डेसिबल. ॲप म्हणजे काही प्रमाणित मीटर नव्हे, पाच-सहाचा फरक धरा. पण ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम काढून वाचले तर निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. त्या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचाच नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी. भाऊंचा चषक यात कुठे बसतो ते मला तरी दिसलं नाही.

आणि ७४ वजा ४५ म्हणजे २९ असं सरळ गणित नसतं. डेसिबल लॉगरिदमिक आहे. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते, कानाला ती साधारण दुप्पट वाटते. २९ चा फरक म्हणजे ऊर्जेत जवळजवळ आठशे पट. अंतराचंही असंच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. भोंग्यापासून दहा मीटरवर १०० असेल तर वीसवर ९४, चाळीसवर ८८, ऐंशीवर ८२ आणि एकशेसाठवर, म्हणजे आमच्या गॅलरीच्या आसपास, ७६. त्यात हिवाळ्याची रात्र. जमीन गार झाली की तिच्यालगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा उबदार राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. थंडीत लांबच्या रेल्वेचा भोंगा रात्री उशाशी वाजल्यासारखा ऐकू येतो ना, तेच हे.

तर चौथ्या रात्री, पावणेबारा वाजता, मी ११२ ला फोन केला. गाडी आली, आवाज खाली आला. गाडी गेली, वीस मिनिटांनी आवाज वर. पण मी माझं नागरिक म्हणून कर्तव्य केलं होतं, त्यामुळे छान झोपलो. बाबा झोपले की नाही ते विचारलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणजे, माझी फजिती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या गल्लीतली एक मुलगी आईचा डबा परत करायला आली. नववीत आहे. त्याच मैदानावर सकाळी सहाला मुलींचा खो-खोचा सराव चालतो. डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, "दादा, तुम्ही तक्रार केलती का?"

"हो. रात्रीच्या आवाजाची."

"आज मैदानावरच्या काकांनी सरांना सांगितलं, तक्रार आलीय, आता सकाळी शिट्टी नाही आन् वरडायचं नाही. आम्ही मुक्यानं खेळायचं का मग? खो ऐकूच नाही आला तर पळायचं कसं?"

मला पटकन काही बोलता येईना. आवाज करणारे रात्रीचे होते, त्यांच्यामागे भाऊ होते, बक्षीस होतं, बॅनर होतं. त्यांना कुणी काही बोललं नाही. तक्रार घरंगळत घरंगळत खाली आली आणि ज्यांच्यामागे कुणीच नव्हतं त्या बारा-पंधरा पोरींवर जाऊन पडली. आणि ती केली कुणी? मी.

बरं, ती बोलली ते शब्दशः खरं आहे. खो-खोत नुसता पाठीला हात लावून चालत नाही, 'खो' मोठ्याने म्हणावं लागतं. तो नियम आहे. कबड्डीतही चढाई करणाऱ्याचं 'कबड्डी कबड्डी' पंचाला ऐकू गेलं पाहिजे. आपले हे खेळ आवाजानेच चालतात. आणि हे गाव म्हणजे खो-खोचं गाव आहे. सारिका काळे इथली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय खो-खो स्पर्धा इथेच भरली होती. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. हे सगळं कुठल्या तरी मैदानावर सकाळी सहाला कुणीतरी ओरडल्याशिवाय होत नाही, मंडळी.

मग मी नियम पुन्हा वाचले, या वेळी राग बाजूला ठेवून. वेळेचं बंधन आहे ते लाऊडस्पीकर, ॲम्प्लिफायर, वाद्यं, आवाज काढणारी साधनं यांवर. माणसाच्या गळ्यावर नाही. शिट्टी सहानंतर वाजत असेल तर रात्रीच्या नियमाचा प्रश्नच येत नाही. म्हणजे खेळाचा आवाज वेगळा आणि खेळाला लावलेला आवाज वेगळा. मी तक्रार करताना म्हणालो होतो, "मैदानावरून फार आवाज येतो." चुकलं ते इथे! बग रिपोर्टमध्ये 'सिस्टीम चालत नाही' असं लिहिणाऱ्या युजरला आपण किती शिव्या घालतो? मी तेच केलं होतं.

मुंबईत हा फरक आधीच झालेला आहे. शिवाजी पार्क हे शांतता क्षेत्र आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. म्हणून तिथलं क्रिकेट काही मुकं झालं नाही. नेट्स लागतात, पोरं ओरडतात, बॅटचा टणत्कार होतो. बंधन आलं ते सभांच्या माईकवर. विम्बल्डनमध्ये २००९ ला सेंटर कोर्टवर छत आलं, दिव्याखाली खेळता येऊ लागलं, तेव्हा तिथल्या स्थानिक कौन्सिलने शेजाऱ्यांसाठी रात्री अकराची अट घातली. २०१८ ला जोकोविच आणि नदालची सेमीफायनल तिसऱ्या सेटनंतर थांबवून दुसऱ्या दिवशी पुरी केली. जोकोविच-नदाल थांबतात, मग भाऊंचा चषक...? असो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः मैदानावर गेलो. आयोजकांपैकी एक जण माझा दहावीचा वर्गमित्र निघाला. चहा मागवला आणि मग त्याने मला चांगलंच सुनावलं. "लेका, तू वर्षातून पंधरा दिवस येणार आणि आम्हाला शांतता शिकवणार? तुमच्या पुण्याला मॉल हायेत, थेटरं हायेत. इथं पोरांना हे आठ दिवस सोडले तर काय हाय? दिवसा सगळे कामाला, मग रात्रीच खेळणार की."

खरं सांगू, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचं चुकत नव्हतं. म्हणून मी खेळ बंद करा असं म्हटलंच नाही. फक्त विचारलं, "भोंगे कुणासाठी लावलेत?"

"पब्लिकसाठी."

"पब्लिक खाली बसलंय. भोंगे वर, आणि तोंड आमच्या घराकडे."

त्याने मान वर करून पाहिलं. मग हसला. खांब सोयीचा होता म्हणून वायरमनने तिथे बांधले होते, बाकी काही कारण नव्हतं. भोंगा हा दिशा धरून आवाज फेकतो, तोंड फिरवलं की मागे बराच कमी पडतो. चार मोठे भोंगे उंचावर लावण्यापेक्षा छोटे स्पीकर पब्लिकच्या जवळ, खाली, मैदानाच्या आतल्या बाजूला तोंड करून लावले तर कमी आवाजात सगळ्यांना ऐकू जातं. सायरन काढला तर मॅचचं काहीच बिघडत नाही. आणि दहाला माईक बंद, मग पुढे खेळा नुसत्या तोंडाने. मी कागदावर चित्र काढून दिलं. चहाच्या कपाचा गोल डाग पडलेलं ते माझ्या आयुष्यातलं सर्वात उपयोगी आर्किटेक्चर डायग्राम असेल :-)

सगळं झालं असं नाही. छोटे स्पीकर आले नाहीत, भाडं परवडत नाही म्हणाला. सायरन गेला, भोंगे खाली आले आणि उलटे फिरले. त्या रात्री गॅलरीत ६४. दिवसाच्या मर्यादेच्याही वरच, पण दहाने कमी, म्हणजे कानाला निम्मा. माईक दहाऐवजी दहा वाजून दहा मिनिटांनी बंद झाला. मित्र म्हणाला, "बक्षिसांची नावं घ्यायची राहिलती."

आणि येताना मैदानावरच्या काकांना भेटून सांगितलं, तक्रार माझी होती, भोंग्यांची होती, पोरींची नव्हती. लेखी पाहिजे तर लेखी देतो. ते म्हणाले, "लेखी कशाला, मला काय माहीत कशाची होती ते." त्यांचंही बरोबरच. मीच नीट सांगितलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्या-मुंबईत राहता. सोसायटीशेजारी टर्फ असेल, बॉक्स क्रिकेट रात्री बारापर्यंत चालत असेल, आणि कधीतरी तुम्हीही फोन उचलाल. जरूर उचला. पण आवाज कसला, किती वाजता, कुठल्या साधनाचा, एवढं तरी सांगा. नाहीतर साहेब लोकांची गाणी चालू राहतील आणि संध्याकाळी खाली खेळणाऱ्या वॉचमनच्या पोरांना कुणीतरी हाकलून देईल.

फायनलच्या रात्री माईक बंद झाल्यावर मैदानावर नुसता माणसांचा आवाज राहिला. टाळ्या, "अरे पळ पळ", "गेला, गेला!" मी बाबांच्या खोलीत डोकावलो. जागेच होते.

"अजून त्रास होतोय का?"

"नाही रे. आता स्कोअर कळंना झालाय. गॅलरीत जाऊन बघ बरं, किती पाहिजेत?"

गेलो. शेवटच्या ओव्हरमध्ये अकरा पाहिजे होते. नाही झाले. बाबा "हॅत" म्हणाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी मला जाग आली ती शिट्टीने. मग पाठोपाठ, धुक्यातून, बारीक पण खणखणीत : खो! खो! ॲप उघडून मोजावं असं क्षणभर मनात आलं. मग पांघरूण डोक्यावर ओढून झोपलो.

असो. उद्या सोमवार. साडेनऊला स्टँडअप आहे.