लेहच्या वाटेवरची झोप

उंच प्रदेशात दिवसा हिंडण्यापेक्षा रात्री झोपणे शरीराला जड जाते. लडाखच्या सहलीचा बेत आखताना काय पाहायचे याची यादी तयार असते, मुक्काम मात्र ज्या गावात खोली मिळेल तिथे ठरतो. मुंबई-पुण्याकडचे बरेच पर्यटक दिल्लीहून विमानाने सव्वा तासात लेहला पोहोचतात. सकाळी दोन-सव्वादोनशे मीटर उंचीवर असलेला माणूस त्याच रात्री ३,५०० मीटरवर अंथरुणाला पाठ टेकतो आणि पहाटेपर्यंत कूस बदलत राहतो. आमचा रस्ता श्रीनगरवरून होता. सुमारे ४२० किलोमीटरची ही वाट वेळखाऊ खरी, पण झोपेच्या दृष्टीने विमानापेक्षा कितीतरी सरस.

श्रीनगर जेमतेम १,६०० मीटरवर आहे. तिथली रात्र घरच्यासारखीच जाते. सोनमर्ग सोडले की रस्ता झोजी ला खिंडीत सुमारे ३,५०० मीटरपर्यंत चढतो, द्रासवरून पुढे जातो आणि कारगिलला सुरू नदीच्या काठी पुन्हा २,७०० मीटरच्या आत उतरतो. दिवसा उंच चढावे, रात्री खाली येऊन झोपावे हा गिर्यारोहकांचा नियम इथे रस्ताच पाळून देतो. म्हणून कारगिलचा मुक्काम टाळून एका दमात लेह गाठणे हा शुद्ध आततायीपणा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. कारगिलहून लेहला येताना मधे ४,१०८ मीटरचा फोतू ला लागतो, पण तिथे चहापुरतेच थांबायचे असते. रात्रीचा हिशेब लेहच्या ३,५०० मीटरचा, म्हणजे नियमाच्या अगदी काठावरचा. तेव्हा लेहमध्ये निदान दोन रात्री काढल्याशिवाय पुढे सरकू नये.

लेहच्या पहिल्या रात्री गटातल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच होती: डोळा लागतो न लागतो तोच दचकून जाग येते, आणि कुणीतरी श्वास कोंडल्यासारखे वाटते. याचे कारण मनात नसून रक्तात असते. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्केच उरतो. ऑक्सिजनची तूट भरून काढायला शरीर जोरजोराने श्वास घेते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतो. झोपेत श्वासाची सूत्रे मुख्यतः याच वायूकडे असतात. तो कमी झाला की मेंदू श्वासाचा हुकूम देणेच थांबवतो आणि काही सेकंद छाती हलत नाही. मग वायू साठतो, ऑक्सिजन घसरतो, चार-सहा खोल श्वास येतात, माणूस जागा होतो आणि हे चक्र पुन्हा सुरू होते. शेजारी झोपलेल्याला हे ऐकून घाबरायला होते, पण निरोगी माणसात एवढ्याने सहसा धोका नसतो. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मॉस्सो यांनी आल्प्समधल्या माँटे रोझावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच याचा अभ्यास केला होता. उंची बाधल्याचे गुण मोजण्याची जी पद्धत डॉक्टर वापरतात, तिच्यातून २०१८ साली झोपमोड वगळली गेली. झोप बिघडणे आणि उंची बाधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही दुसरीची लक्षणे.

उपाय फार नाहीत. शीण घालवायला म्हणून घेतलेली दारू आणि झोपेची गोळी दोन्ही श्वास आणखी मंद करतात. पहिल्या रात्री तरी त्यांच्या वाटेला जाऊ नये. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे औषधांच्या दुकानातले डायमॉक्स, मूत्रपिंडावाटे क्षार बाहेर टाकून रक्त किंचित आम्ल करते. त्यामुळे श्वास चालू राहतो आणि झोप सलग लागते. मात्र बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते आणि सोड्याची चव विचित्र लागते. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. इतरांनीही विचारूनच घेतलेले बरे. रात्रीचे जेवण हलके ठेवावे, गुरगुर चहा, म्हणजे लडाखी लोणी-मिठाचा चहा, दुपारीच संपवावा. हवा इतकी कोरडी असते की नाक बंद होऊन तोंडाने श्वास सुरू होतो; झोपण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घातले तर बरे वाटते. पायांत लोकरीचे मोजे हवेतच. लेहचे कुत्रे रात्रभर भुंकतात आणि जूनमध्ये पाचच्या सुमारास उजाडते. कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी यांचे वजन सामानात जाणवतही नाही.

पुढचा मुक्काम नुब्रा खोऱ्यात ठेवणे शहाणपणाचे. वाटेतला खारदुंग ला ५,३५९ मीटरवर असला, तरी दिस्कित आणि हुंदर लेहपेक्षा खाली आहेत. तिथे बहुतेकांना निवांत झोप लागते. पँगाँग तलावाचे उलटे आहे. तो ४,२०० मीटरच्याही वर आहे. काठावरच्या तंबूत थंडी, वारा आणि विरळ हवा एकत्र येतात. रात्री कुणाला बसल्याजागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर ऑक्सिजन लावून ताबडतोब खाली न्यावे लागते. पण लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयाकडे येणारा नेहमीचा रस्ता आधी पाच हजार मीटरहून उंच चांग ला चढतो आणि मगच उतरतो. म्हणून पँगाँग सहलीच्या शेवटी ठेवावा, आणि लहान मुले किंवा हृदयरोगी बरोबर असतील तर तो दिवसा पाहून रात्री लेहला परतावे.