पिकअपच्या पाठीला चुंबळ

मैत्रिणींनो, वस्तू जपायचं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा, गव्हाच्या डब्यात कडुनिंबाचा पाला, कपाटाच्या पायाखाली रबराचा तुकडा, हे सगळं आपण बोलता बोलता करतो. पण दारासमोर रस्त्यावर रात्रभर उभी राहणारी गाडी? ‘तो ह्यांचा विषय,’ म्हणून आपण हात झटकतो. मला मात्र तसं करून चालत नाही. कारण आमची गाडी हौसेची नाही, पोटाची आहे.

आम्ही साताऱ्याला पेठेत राहतो. ह्यांचा मालवाहतुकीचा धंदा. एकच पिकअप, आणि तिचे हप्ते अजून चालू आहेत. एरवी भाजीपाला, किराणा, कुणाचं घर हलवायचं सामान. आणि थंडी पडली की महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी. हे फळ म्हणजे माहेरी आलेली लेक! जरा ताटकळलं की मान टाकतं. हंगामात गाडी एक दिवस गॅरेजला गेली तर त्या दिवसाचं भाडं बुडतंच, शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीवाल्याकडे वळतं. वळलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं थोडंच आहे?

आमच्या वाड्याच्या दिंडीतून हातगाडीसुद्धा जेमतेम आत येते. म्हणून पिकअप रस्त्यावर. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेलं, तेव्हा गल्ल्या सगळ्या चढउताराच्या. त्यात आमच्या पिकअपची पाठ चढाकडे. वरून जे काही घसरेल ते तिच्यावरच येणार. स्टँडवरून निसटलेली मोटारसायकल, उलटा येणारा पाण्याचा टँकर, नव्या शिकाऊ माणसाची मोटार. एका वर्षात मागच्या दिव्याची काच दोनदा फुटली, नंबरची पाटी एकदा दुमडली, आणि एकदा फाळक्याची कडी वाकली. काच फुटली तर निदान दिसते तरी. कडी वाकली की फाळका वरवर लागल्यासारखा वाटतो, आणि भरल्या गाडीचा फाळका घाटात उघडला तर काय होईल, याचा नुसता विचार केला तरी पोटात गोळा येतो.

तुम्ही म्हणाल, विमा आहे ना? आहे. पण विम्यात रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांची निम्मी किंमत कापून मग पैसे देतात. वर काही ठरावीक रक्कम आपल्याच पदराची जाते. आणि एकदा मागणी केली की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात मिळणारी सूट गेली. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! लहानसहान ठोकरीचा खर्च शेवटी घरच्या डब्यातूनच निघतो, आणि तो डबा कुणाच्या ताब्यात असतो हे मी सांगायला नको.

तेव्हा ह्यांनी ठरवलं, मागे चांगला जाड लोखंडी अँगल वेल्डिंग करून घ्यायचा. “येऊ दे कोण येतो ते, त्याचीच गाडी फुटेल,” असं म्हणून कारागिराशी बोलणंही केलं. मी काही बोलले नाही. शिवणाची टेप घेतली आणि खाली गेले. अँगल बसणार होता जमिनीपासून सव्वादोन फुटांवर. शेजारच्या सुनेची छोकरी तेव्हा दोन वर्षांची होती, आणि संध्याकाळी सगळी पोरं पिकअपच्या आडोशाला लपाछपी खेळतात. तिला जवळ उभं केलं आणि टेप धरली. सव्वादोन फूट म्हणजे बरोब्बर तिचे ओठ! मी ह्यांना हाक मारून नुसतं ते दाखवलं. हे दोन मिनिटं गप्प उभे राहिले आणि म्हणाले, “मग काय करायचं ते तूच सांग.”

कायद्याचं म्हणाल तर तोही लोखंडाच्या विरुद्धच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की गाड्यांना वरून बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात बसत नाहीत, आणि पायी जाणाऱ्यांना व गाडीतल्या माणसांनाही त्यांच्यापासून धोका आहे. गाडीतल्यांना धोका कसा, असं मलाही वाटलं होतं. पण त्यात अर्थ आहे. ताठ लोखंड दणका पोटात घेत नाही. जसाच्या तसा पुढे चासीला देतं.

हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, त्यात काय एवढं? डोक्यावर हंडा घ्यायचा तर आधी चुंबळ लागते. चुंबळीशिवाय घागर डोक्यात रुतते.” झालं! अख्खं शास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मऊ वस्तू मध्ये आली की दणका जास्त जागेवर पसरतो आणि थांबायला चार क्षण जास्त मिळतात. थांबायला वेळ मिळाला की मार कमी बसतो. वरून टाकलेला नारळ झेलताना आपण हात मागे घेतो ना, तसंच.

माझं माहेर उरणजवळ मोऱ्याचं. मोरा ते भाऊचा धक्का लाँचने लहानपणापासून कितीदा आले-गेले असेन! धक्क्याच्या भिंतीला आणि लाँचच्या कडेला जुने टायर टांगलेले असतात. लाँच हेलकावत येते, टायरवर टेकते, दबते, आणि धक्का आणि लाँच दोघंही शाबूत राहतात. मनात आलं, एवढी माणसांनी भरलेली लाँच जर जुन्या टायरवर सांभाळते, तर आमच्या पिकअपला काय धाड भरली आहे?

आता कृती सांगते, अगदी पाककृतीसारखी.

साहित्य : मोटारसायकलचे मागच्या चाकाचे दोन जुने टायर, सायकलच्या चार-पाच फाटक्या ट्यूब, मोटारसायकलची एक जुनी ट्यूब, सामान बांधायचे दोन कापडी पट्टे आणि मागे लावायची लाल रिफ्लेक्टरची पट्टी. पंक्चरवाल्याकडे यातलं बरंचसं जवळजवळ फुकटात मिळतं.

टायर घरी कापायला जाऊ नका. त्याच्या दोन्ही कडांत पोलादी तार असते, विळीची धार जाईल आणि बोटही. पंक्चरवाल्याकडून दोन्ही बाजू कापून घ्या आणि मधली नक्षीची पट्टी तेवढी ठेवा. तिला एका ठिकाणी छेद दिला की साधारण सहा फूट लांब पट्टी मिळते. पिकअपची पाठ त्यात मावते. मोटारीचा रेडियल टायर मात्र घेऊ नका. त्याच्या पट्टीतही पोलादी तारांचं जाळं असतं आणि कापलेल्या कडेतून त्या तारा काट्यासारख्या बाहेर येतात. मोटारसायकलच्या टायरचं सुद्धा आधी विचारून घ्या, नायलॉनच्या धाग्याचाच हवा.

आता दोन्ही पट्ट्या पोकळ बाजूने समोरासमोर ठेवा आणि मध्ये सायकलच्या ट्यूब गुंडाळून भरा. एकटी पट्टी गोल व्हायचा हट्ट सोडत नाही; पण दोघी समोरासमोर आल्या की एकमेकींना विरुद्ध ओढतात आणि दोघीही सरळ राहतात. घरोघरच्या जावा आठवतात की नाही? दर वितीवर मोटारसायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून आवळा. झाला सहा फुटी लोड तयार. गाडी उभी केली की कापडी पट्ट्यांनी तो मागच्या दांडीला बांधायचा.

बांधताना चार गोष्टी बघायच्या. लोड दिव्याच्या काचेपेक्षा दोन बोटं तरी बाहेर आला पाहिजे, नाहीतर पहिला दणका काचच खाईल. नंबरची पाटी, दिवे आणि रिफ्लेक्टर झाकता कामा नयेत. सायलेन्सर नुकता बंद झालेला असतो तेव्हा तापलेला असतो, त्याला रबर टेकू देऊ नये. आणि खाली टांगलेली स्टेपनी काढायला वाट राहिली पाहिजे. गाडीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. सकाळी गाडी निघाली की लोड सोडून सीटच्या मागे टाकायचा. चालत्या गाडीला लोंबती वस्तू नको.

पुष्कळजणी विचारतात, एवढा खटाटोप कशाला, जुनी गोधडी नाहीतर काथ्याचा दोर बांधला तर? उन्हाळ्यात चालेल. पण साताऱ्याचा पाऊस! गोधडी आणि काथ्या पाणी धरून बसतात आणि खालचं लोखंड गंजतं. मग अख्खाच टायर टांगला तर? तेही नको. टायरच्या पोटात पावसाचं पाणी साचतं, आणि डेंग्यूचा डास अंडी घालायला असलीच जागा शोधतो. गाडी वाचवायची आणि घरात ताप आणायचा, हा कुठला व्यवहार? लोडाच्या फटीतही पाणी राहू नये म्हणून तो सोडल्यावर उभा धरून झटकायचा.

आणि रिफ्लेक्टरची लाल पट्टी विसरू नका. सबंध खटाटोपात तीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची. आमच्या वळणावरचा दिवा महिन्यातून आठ दिवस बंद असतो. मऊ लोड ठोकर लागल्यावर उपयोगी, पण लाल पट्टी चमकली तर ठोकर लागतच नाही.

उगाच फुशारकी मारत नाही. हा लोड हळू ठोकरीपुरताच आहे. वेग दुप्पट झाला की दणक्यातली ताकद चौपट होते. भरधाव आलेल्या गाडीपुढे टायरच्या दोन पट्ट्या काय करणार? पण गल्लीत उभ्या गाडीला रोज जे सोसावं लागतं ते हळूच सरकत येणारं असतं, आणि तेवढं तो सोसतो. दर उन्हाळ्यानंतर लोड वाकवून बघायचा. रबराला भेगा दिसल्या तर पट्ट्या बदलायच्या.

लोड बांधायला लागल्यापासून एक गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी कुणाची गाडी लागली की माणूस पळून जायचा. आम्हाला सकाळी फुटकी काच मिळायची, आणि मग दिवसभर प्रत्येकाकडे संशयाने बघणं. ‘त्याचाच टँकर असेल, हिच्याच मुलाची गाडी असेल.’ दोन घरांशी तर आमचं बोलणंच बंद झालं होतं. मग एका सकाळी वरच्या घरातला मुलगा स्वतःहून दाराशी आला. नुकताच मोटार शिकतोय. म्हणाला, “काकू, रात्री माझी गाडी तुमच्या पिकअपला टेकली. काही झालं नाहीये, माझ्याही गाडीला नाही. पण सांगून जावं म्हटलं.” मी त्याला बसवून चहा दिला. ज्या दोन घरांशी अबोला होता, त्यातलं एक त्याचंच.

मला वाटतं, नुकसान मोठं नसलं की माणसाला खरं बोलायला सोपं जातं. लोखंडी अँगल बसवला असता तर त्या पोराची मोटार फुटली असती, त्याचे वडील भांडायला आले असते आणि अबोला आणखी दहा वर्षं टिकला असता. आमची काच मात्र वाचली असती, हे खरं. पण काच ही काही एकच वस्तू नाही, जी गल्लीत राहणाऱ्या बाईला जपायची असते.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या दारात पिकअप असो, टेम्पो असो की साधी मोटार, एकदा शिवणाची टेप घेऊन तिच्या मागे जाऊन उभ्या राहा. काय किती उंचीवर आहे, आणि त्या उंचीवर कुणाचं मूल खेळतं, एवढं मोजा. मग पंक्चरवाल्याकडे जा. हे हसतील, हसू द्या. आमचेही हसले होते. आता रोज रात्री जेवायच्या आधी आठवणीने खाली जाऊन स्वतःच चुंबळ बांधून येतात.