गदग्याचे वय

गदगा म्हणजे वेताच्या छडीवर चामडे शिवून केलेली सरावाची तलवार आणि फरी म्हणजे तिच्या जोडीची लहान ढाल. तलवारीचे हात शिकावेत आणि शिकणारा संध्याकाळी धड घरी जावा, एवढ्याच गरजेपोटी फरीगदगा आखाड्यात आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने अशा देशी खेळांना शिस्तशीर शिक्षणाची जोड दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. पंजाबचा गतका हा याच खेळाचा भाऊबंद. २०२३ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तो खेळला गेला.

माणसाच्या आयुष्यात तलवार फार लवकर येते. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या मुलाच्या हाती पहिली तलवार पडते ती बहुधा शिवजयंतीच्या मिरवणुकीत, मावळ्याच्या वेशात. ती प्लास्टिकची असते, टोकाला निमुळती असते आणि तुटली की तिला धार येते. ती मिरवावी, तिने लढू देऊ नये. सातपुड्याच्या बाजूला, अक्कलकुवा-धडगावकडे, बांबू हाताशी असतो, म्हणून मुले त्याचीच तलवार करतात. बांबू उभा चिरतो आणि चिरला की त्याच्या चोया सुरीसारख्या होतात. वेत आतून भरीव आणि तंतुमय असतो. तो मोडताना झिजतो, चोथा होतो. जुन्या वस्तादांनी वेत निवडला तो यामुळे. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेल्या ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ या मध्ययुगीन वेशभूषा-युद्धाच्या संस्थेतही मोठी माणसे वेताच्याच तलवारीने लढतात. मुलांना मात्र तिथे मऊ आवरणाची शस्त्रे देतात आणि वयाप्रमाणे त्यांचे वेगळे गट करतात.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला चामड्याचा गदगाही जड होतो. त्याच्यासाठी हलक्या नळीवर एसीच्या तांब्याच्या नळ्यांना घालतात तो काळा फोम चढवावा, वर कापडी पट्टी गुंडाळावी. टोकाला नळीपुढे फोमचा वेगळा गोळा हवा आणि त्याची रुंदी ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हवी, म्हणजे टोक डोळ्याच्या खोबणीत शिरत नाही. लांबी मुलाच्या कमरेएवढी पुरे. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. उन्हात पडलेली प्लास्टिकची नळी ठिसूळ होते, चिकटपट्टीचा गोंद सुटतो. दाबला की परत फुगत नाही तो फोम मेलेला समजावा आणि खेळाआधी प्रत्येक शस्त्र हाताने चाचपावे.

इतके केल्यावर पालक निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. शस्त्र मऊ आहे हे मुलाला कळते, समोरच्याला लागत नाही हेही कळते; मग ते जोर वाढवते. घावाचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते, आणि तेवढी ऊर्जा फोम पचवू शकत नाही. म्हणून शस्त्राच्या मऊपणापेक्षा घावाला मर्यादा घालणारे नियम महत्त्वाचे. डोके, मान, जांघ वर्ज्य. भोसकणे बंद. पाठीमागून वार नाही. पडलेल्यावर हात उचलायचा नाही. ‘थांब’ म्हटले की सगळ्यांची शस्त्रे खाली. घाव बसला हे ज्याला बसला त्यानेच सांगायचे; या एका नियमाने मुले जितकी शहाणी होतात तितकी पंचाच्या शिट्टीने होत नाहीत. डोक्यावर जाळीचे हेल्मेट हवेच. क्रिकेटचे चालेल, फक्त जाळीच्या फटीतून टोक आत जात नाही ना, ते आधी तपासावे.

दहाव्या-अकराव्या वर्षी पवित्रा आणि पदन्यास शिकवावा, जोडी उंची-वजन पाहून लावावी. दोन्ही बाजूंनी दहा-दहा मुले एकदम भिडवण्याचा मोह संयोजकांना आवरत नाही. फोटो छान येतात. दुखापतीही तिथेच होतात, कारण गर्दीत कोणता घाव कुठून येईल ते मुलाला दिसत नाही. चौदाच्या पुढे हाती खरा फरीगदगा द्यावा. तो किंचित लागतो, आणि तसे लागणेच हाताला आवर घालायला शिकवते. सोळा-सतरा वर्षांचा खेळाडू धाकट्यांचा पंच व्हावा. ज्याने स्वतः घाव मान्य केले आहेत, त्याचा निवाडा मुले ऐकतात.

शिवजयंतीला मुलांची लढाई बसवणाऱ्या मंडळांनी तलवारी विकत आणण्याआधी पंच ठरवावा.